फोटोतली मधली बाई

वैजयंती जगदाळे यांनी सगुणाबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते कोपरखैरण्याच्या एका झेरॉक्सच्या दुकानात. खरं तर आधी ऐकलं, मग पाहिलं. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आधार कार्डाची प्रत काढायला वैजयंतीबाई निघाल्या होत्या, आणि दुकान चार पावलांवर असतानाच आतून खणखणीत आवाज आला, "अरे दादा, हलू ठेव! लगीन हाय ते, लाइटबिल नाय."

काउंटरपाशी ठेंगणीशी, काटक बांध्याची एक बाई उभी होती. पुढ्यात साडीचं चपटं खोकं होतं. खोक्यात साडीऐवजी कागद आणि फोटो होते, आणि प्रत्येक फोटोच्या वर-खाली वर्तमानपत्राची घडी होती. दुकानदाराला ती एकाही फोटोला हात लावू देत नव्हती. स्वतः यंत्राची काच पदराने पुसायची, स्वतः फोटो पालथा ठेवायची आणि मग "हां, आता दाब" म्हणून हुकूम सोडायची.

"मावशी, एकोणीस वर्षं मी हे मशीन चालवतोय," दुकानदार म्हणाला.

"मंग इसाव्या वर्षी नीट शिक."

रांगेतली कॉलेजची पोरं हसली आणि पुढे सरकू लागली. वैजयंतीबाईंनी मागे वळून नुसतं पाहिलं. पोरं पुन्हा जागेवर गेली. त्या बाईच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"तुमी मास्तरीन काय?"

"होते. चार वर्षं झाली निवृत्त होऊन."

"वाटलाच मना. काय न बोलता पोरं सरल केलीत." मग खोक्यातून एक छापलेला अर्ज काढून तिने पुढे धरला. "बाई, बघा जरा. याच्यात माझं नाव कुठं येतंय का?"

अर्ज इंग्रजीत होता. न्यूझीलंडचा व्हिसा. अर्जदार सुचिता दिपेश मढवी, सोबत मुलगी पायल. वैजयंतीबाईंनी सगळी पानं वाचली.

"तुमचं नाव काय?"

"सगुणा. सगुणा हिरामण मढवी."

"नाही, कुठेच नाही."

"मंग बरं," सगुणाबाई समाधानाने म्हणाल्या. "माझं नाव कुठं आलं की ते काम अडतंय. रेशन कार्डाला अडलं, गॅसला अडलं. हे सुनेचं काम हाय. हे अडायला नको."

सगुणाबाई राहायच्या पावणे गावात. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे, कारखान्यांच्या ऐन मधोमध. सगुणाबाईंचे वडील खाडीकाठच्या मिठागरावर काम करायचे. लहानपणी बापाची भाकरी घेऊन जाताना एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारायची सवय लागली ती तिथेच. आता मिठागर गेलं, बांध गेले, पण आवाज तेवढाच राहिला. घर तीन मजली. खाली स्वतः सगुणाबाई, मधल्या मजल्यावर मुलगा-सून, बाकीच्या खोल्यांत भाडेकरू: ओडिशाचे, बिहारचे, दोन बिऱ्हाडं जळगावची. घरात गाऊन आणि खांद्यावर टॉवेल असा त्यांचा वेश. दाराबाहेर पाऊल टाकायचं झालं की मात्र साडी, मग ते समोरच्या वाण्याकडे का असेना.

मालक, म्हणजे हिरामण, नऊ वर्षांपूर्वी गेले. वीजबिल अजून त्यांच्याच नावाने यायचं. "बदलून घ्या," असं वैजयंतीबाईंनी एकदा सुचवलं, तेव्हा सगुणाबाई म्हणाल्या, "राहू दे बाई. महिन्याला त्यांच्या नावाचं कायतरी घरात येतंय. बरं वाटतं."

एकुलता मुलगा दिपेश आयटीआय झालेला. पावण्यातल्याच एका वर्कशॉपमध्ये यंत्रावर सुटे भाग कापायचं काम त्याने आठ वर्षं केलं आणि दोन वर्षांपूर्वी त्याच कामासाठी तो ऑकलंडला गेला. तेव्हा पायल दोन वर्षांची होती. रोज दुपारी, म्हणजे तिकडे संध्याकाळी, त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचा आणि त्याच्यासमोर पायलला भरवायचं, हा सुचिताचा नेम. असंच चाललं असतं, पण एके दिवशी बालवाडीच्या ताईंनी पायलला विचारलं, "तुझे पप्पा कुठे असतात गं?"

"घरीच," पायल म्हणाली. "आता चार्जिंगला लावलेत."

बालवाडीत सगळ्या हसल्या. सुचिताही घरी सांगताना हसली. सगुणाबाई हसल्या नाहीत. दुपारी फोन आला तेव्हा त्यांनी तो डब्यासमोरून उचलला आणि बाल्कनीत नेला.

"दिपेश, बायकोला नि पोरीला घेऊन जा."

"आई, तू एकटी..."

"मी काय इचारतंय का तुला? सांगतंय."

तिथून हे व्हिसाचं काम सुरू झालं होतं.

झेरॉक्सच्या दुकानातल्या ओळखीनंतर वैजयंतीबाई दर गुरुवारी पावण्याला जाऊ लागल्या. सुचिता कामोठ्याची, बारावी झालेली, हुशार. अर्ज तिने आणि दिपेशनेच भरला होता. वैजयंतीबाईंचं काम एवढंच, की इंग्रजी वाचून पाहायचं. ते त्यांनी चोख केलं. एक तारीख चुकली होती ती पकडली, पत्त्यातला पिनकोड दुरुस्त केला. नवरा-बायको एकत्र राहत होते याचा पुरावा म्हणून फोटो जोडायचे होते, ते सासू-सुनेने मिळून निवडले. सतरा फोटो. "चांगले, घरंदाज बघून काढलेत," सगुणाबाई म्हणाल्या. वैजयंतीबाईंनी फोटोंच्या खालच्या ओळी तपासल्या, फोटो पाहिले नाहीत. पुढे कितीतरी दिवस त्यांना याची टोचणी होती.

डिसेंबरात अर्ज गेला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवार नसताना, सगुणाबाईंचा फोन आला. आवाज इतका हळू, की वैजयंतीबाईंनी आधी नंबर चुकला असेल असं समजून ठेवूनच दिला. तो पुन्हा वाजला.

"बाई, येता काय जरा? माझ्यामुलं पोरीचा व्हिसा अडला."

वैजयंतीबाई गेल्या. सुचिता दारातच पत्र घेऊन उभी होती. ते व्हिसा कार्यालयाकडून आलेलं होतं, भाषा सभ्य होती, आणि उत्तराला चौदा दिवसांची मुदत होती. वैजयंतीबाईंनी उभ्या उभ्या वाचलं. घराची बिलं हिरामण नावाच्या व्यक्तीच्या नावे असल्याने पती-पत्नी तिथे एकत्र राहत होते हे त्यांतून दिसत नाही, हे पहिलं. सादर केलेल्या सतरा छायाचित्रांपैकी चौदांत अर्जदार आणि तिचा पती यांच्या मध्ये एक प्रौढ स्त्री आहे, हे दुसरं. आणि उरलेल्या तीन छायाचित्रांत दोघांचे चेहरे पिवळ्या पदार्थाने पूर्ण झाकलेले असल्यामुळे ओळख पटत नाही, हे तिसरं.

"पिवळा पदार्थ?"

"हळद उतरवायच्या दिवसाचे फोटो आहेत ते, टीचर," सुचिता म्हणाली. "आमच्यात हळद म्हणजे... तुम्ही बघितली असेल ना. डोळे पण दिसत नाहीत."

पायल पत्र्याच्या डब्यावर बसून बिस्किट खात होती. तिने माहिती पुरवली, "आजी फोटो कापते."

सगुणाबाई आतल्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात लग्नाचा अल्बम होता आणि हातात शिवणाची मोठी कात्री. स्टेजवरचा एक मोठा फोटो त्यांचा कापून झाला होता. मधून स्वतःला अगदी बेतशीर काढून टाकलं होतं आणि उरलेले दिपेश-सुचिता पिठाच्या खळीने पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवले होते. दोघांमधला मांडव जरा वाकडा जुळला होता. आणि दिपेशच्या खांद्यावर एक हात राहून गेला होता, मनगटापासून पुढचा, बांगड्यांसकट.

"तो निघत नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "कापायला गेलं तर पोराचा कान जातो."

वैजयंतीबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. सगुणाबाईंचे डोळे सुजलेले होते.

"सगुणाबाई, कात्री द्या इकडे. कापलेला फोटो पाठवला तर खोटे कागद दिले असं म्हणतील. मग कायमचंच अडेल."

कात्री लगेच पुढे आली. "मंग आता काय करायचं? चौदा दिस हायेत. पोरीने दोन वरसं काढली ती काढली. आता नाय म्हनले, तर पायल शालेत जायला लागल, मंग दिपेश बोलल पुढच्या वर्षी, मंग त्याच्या पुढच्या. मना म्हाईत हाय तो."

वैजयंतीबाईंनी अल्बम उघडला. पानामागून पान पाहिलं. स्टेजवर सगुणाबाई मध्ये. गणपतीपुढे सगुणाबाई मध्ये. पायलच्या बारशाला पाळण्यामागे दिपेश, सगुणाबाई, सुचिता. नव्या फ्रिजसमोर दिपेश, सगुणाबाई, सुचिता. कार्ल्याच्या देवळाच्या पायरीवर तर एवढी गर्दी, तरी तिघं त्याच ओळीने. आणि गंमत म्हणजे एकाही फोटोत सगुणाबाईंचा चेहरा मध्ये घुसलेल्या माणसाचा नव्हता. कुणीतरी ओढून बसवलेल्या माणसाचा होता.

"सगळीकडे तुम्हीच मध्ये कशा?" त्यांनी विचारलं.

सुचितानेच सांगितलं.

"लग्नात ह्यांच्या हळदीला आई मागे बसलेल्या. म्हणजे बसवलेल्या. घरातल्याच बायका बोलल्या, तुझा नवरा नाही, तू पुढे येऊ नकोस. तर हे पाटावरून उठले. अंगाला हळद लागल्यावर नवरा पाटावरून उठत नाही टीचर, सगळे ओरडायला लागले. हे गेले, आईंना हाताला धरून पुढे आणलं आणि पहिली हळद त्यांच्याकडूनच लावून घेतली. मला कामोठ्याला रात्री फोनवर कळलं. दुसऱ्या दिवशी स्टेजवर फोटोवाला बोलला, आता फक्त जोडी. परत सगळ्या बायका बघायला लागल्या, आई कुठे जातात ते. मी बोलले, आई मध्ये बसतील तरच फोटो."

"अगो, तुला मी एकदाच बघितलेली तोवर," सगुणाबाई पुटपुटल्या.

"तेव्हापासून तसंच चालू आहे. कुणी मोबाइल काढला की हे एका बाजूला, मी एका बाजूला. सवयच झाली."

मग वैजयंतीबाईंना शिक्षिकेला सुचावा तसा साधा प्रश्न सुचला.

"सुचिता, मोबाइलमध्ये तुमच्या दोघांचे फोटो नाहीत? सेल्फी वगैरे?"

सुचिता गोरीमोरी झाली. "आहेत ना. पण ते... तसले नाहीत. पाठवण्यासारखे."

"तसले म्हंजे कसले?" सगुणाबाईंचा आवाज मूळ उंचीवर आला.

"आई!"

"आई काय? सहा वरसं झाली लग्नाला, पोरगी चार वर्षांची हाय. ती काय बाजारातनं आनली?"

"आई, सरकारला कुणी असे फोटो पाठवतं का? आणि तुम्ही बसून निवडणार, तुमच्यासमोर कसे दाखवू?"

आता सगळा उलगडा झाला. सासूसमोर नवऱ्याला चिकटून काढलेला फोटो दाखवायचा नाही, आणि सरकार तर सासूहून मोठं, म्हणून सुनेने खरे पुराव्याचे फोटो मोबाइलमध्येच दडवून ठेवले होते आणि सासूने घरंदाज म्हणून नेमके आपलेच फोटो निवडले होते. दोघींनी एकमेकींचा मान राखला होता आणि त्यात व्हिसा अडकला होता.

सगुणाबाई उठल्या, भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि टॉवेल डोक्यावरून घेतला. "घे. मी बघत नाय. बाईंना दाखव. त्या मास्तरीन हायेत, त्यांना चालतंय."

वैजयंतीबाईंनी चौतीस वर्षांच्या नोकरीत मुलांचे बरेच मोबाइल जप्त केले होते, पण असा कधी हातात आला नव्हता. फोटो साधेच होते. अलिबागच्या किनाऱ्यावर वाऱ्याने उडालेले केस. एकाच बर्फाच्या गोळ्याला दोघांचं तोंड. रिक्षात दिपेशच्या खांद्यावर झोपलेली सुचिता. एकात त्याने तिच्या गालावर ओठ टेकले होते आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. तारखा सगळ्यांवर होत्या.

"झालं काय?" भिंतीकडून विचारणा झाली.

"थांबा, अजून चाळीस आहेत."

"चालीस! आवरे कवा काढले? मी घरातच व्हते ना?"

सुचिताने ओढणीत तोंड लपवलं. पायलने आजीच्या टॉवेलखाली डोकं घातलं आणि तिथूनच ओरडली, "मी पण बघत नाय!"

वैजयंतीबाईंनी बारा फोटो निवडले. गालावरचा ठेवावा की नाही यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि ठेवला. पायलच्या जन्माच्या वेळचा हॉस्पिटलचा कागदही खोक्याच्या तळाशी सापडला. त्यावर नवरा म्हणून दिपेशची सही होती आणि पत्ता याच घराचा होता. रोजच्या कॉलची यादी मोबाइलमधून काढायची ठरली. राहता राहिली मधली बाई.

"तिचं काय ते तुम्हीच लिहून द्या," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मी लिहिते, तुम्ही सांगा."

सवयीप्रमाणे त्यांनी आधी स्वतःच चार वाक्यं लिहिली: याद्वारे प्रमाणित करण्यात येते की, वगैरे. मोठ्याने वाचून दाखवली. सगुणाबाईंनी नीट ऐकून घेतली.

"छान हाय. पन हे कोन बोलतंय?"

"तुम्ही."

"मी अशी बोलले तर तो सायेब बोलल, ही बाई कोनी भाड्यानं आनलीय."

वैजयंतीबाईंनी कागद उलटा केला. सगुणाबाई भिंतीकडून वळल्या, मांडी घातली आणि खाडीपलीकडच्या माणसाशी बोलावं तशा सांगू लागल्या. इतकी वर्षं वह्या तपासलेला तो हात, पण एकही 'हाय' त्यांनी 'आहे' केलं नाही.

"सायेब किंवा म्याडम, नमस्कार. फोटोत मधी बसलेली बाई ती मी. सगुणा. दिपेशची आई. मना मधी बसायची हौस नाय. माझा मालक गेला, तवा लग्नात मना बायकांनी मागं बसवली. माझ्या पोराने हाताला धरून म्होरं आनली नि सुनेने मधी बसवली. मंग मी मधीच राहिले. मी उठायला पायजे व्हतं ही माझी चुकी. पन मना बरं वाटायचं.

"तुमी इचारताय, हे दोघं खरे नवराबायको हायेत का. ते वरच्या मजल्यावर राहायचे, मी खाली. दिपेशला पंखा पाचवर लागतो, सुचिताला दोनवर. रोज भांडन. मना खाली ऐकू यायचं. पायल झाली तवा तीनवर मिटलं. दिपेश तिकडं गेल्यापासून सुचिता पंखा पाचवर लावते नि गोधडी घेऊन झोपते. मी तिला काय इचारलं नाय."

सुचिता ओट्याकडे वळली आणि उगाचच भांडी इकडची तिकडे करू लागली.

"लिहिलं? आता म्होरं लिहा. सुचिता माझी पसंती नव्हती."

वैजयंतीबाईंचा पेन थांबला. ओट्यावरची भांडीही थांबली.

"काय?" सुचिता म्हणाली.

"मी खैरन्याची पोरगी बघितलेली."

"कोण? कधी? मला सहा वर्षांत कुणी बोललं नाही!"

"सांगून काय करायचं व्हतं? चांगली पोरगी. आता तिला तीन पोरं हायेत. जाड झालीय."

"सगुणाबाई, हे नको लिहू या," वैजयंतीबाई म्हणाल्या. "उगाच गैरसमज."

"हेच लिहा. बाई, तुमी समजून घ्या. मी जमवलेलं लगीन असतं तर तो सायेब बोलला असता, म्हातारीनं पोराला परदेशात पाठवलं नि मागनं कोनालातरी बायको म्हनून पाठवतेय. लिहा: ही सून मी निवडली नाय. माझ्या पोराने निवडली. मी नाय म्हनत व्हते, तो तीन महिने माझ्याशी बोलला नाय. आता मी बोलतंय, की त्याचं बरोबर व्हतं."

वैजयंतीबाईंनी लिहिलं. मागे सुचिता हसतेय की रडतेय हे त्यांनी वळून पाहिलं नाही.

"शेवटचं. सून गेली तर म्हातारी एकटी, असा इचार करू नका. माझ्या घरात अकरा खोल्या हायेत नि सगल्यांत मानसं हायेत. पायल चार वर्षांची हाय. बापाचा वास कसा असतो तिला म्हाईत नाय, फोनला वास नसतो. तिला जाऊ द्या. सगुणा हिरामण मढवी, पावने."

सही त्यांनी स्वतः केली, सावकाश, प्रत्येक अक्षरानंतर पेन उचलून. मग दिपेशला कॉल लावला. त्याला सगळं पत्र वाचून दाखवलं.

"आई, पंख्याचं खरं आहे?"

"कनचं? भांडनाचं?"

"पाचवर लावते ते."

"सुचिता," सगुणाबाईंनी हाक मारली, "हा काय इचारतोय बघ," आणि मोबाइल तिच्या हातात देऊन वैजयंतीबाईंना आणि पायलला घेऊन त्या गच्चीवर गेल्या.

पत्राचं इंग्रजी वाशीच्या एका अधिकृत भाषांतरकाराकडून करून घेतलं. त्याने फोन करून वैजयंतीबाईंना सांगितलं, "बावीस वर्षं प्रतिज्ञापत्रं करतोय. ह्यातलं एक वाक्य कमी करायला सांगाल तर करणार नाही." दहाव्या दिवशी सगळं पाठवलं. कापलेला फोटोही सगुणाबाईंच्या हट्टाने सोबत गेला. खाली सुचिताने लिहिलं होतं: हा फोटो आमच्या सासूबाईंनी पत्र मिळाल्यावर कापला, पुरावा म्हणून नाही, माहितीसाठी.

मग वाट पाहणं. सहा आठवडे. या काळात आपण काळजी करत नाही, असं सगुणाबाई सगळ्यांना सांगत. फक्त रोज सकाळी भाडेकरूंपैकी कुणाला तरी विचारत, "तुझ्या मोबाइलला नेट येतंय का? आमच्याला येतंय का बघ." वैजयंतीबाईंकडे गुरुवारी विषय निघाला की म्हणत, "होईल ते होईल," आणि चहात साखर दोनदा घालत.

मार्चमधला तो गुरुवारच होता. दोघी गच्चीवर होत्या. चटईवर जवळा वाळत घातला होता आणि कावळ्यांसाठी सगुणाबाईंच्या हातात काठी होती. जिन्यावरून धावण्याचा आवाज आला, आणि सुचिता वर आली ती मोबाइल दोन्ही हातांत धरून, जणू त्यातून पाणी सांडेल.

"आई, आला!"

"कोन आला?"

"व्हिसा! दोघींचा! माझा नि पायलचा!"

सगुणाबाईंनी आधी काठी खाली ठेवली. मग त्या खाली बसल्या, नेमक्या जवळ्यावर. मग उठल्या, गाऊनला चिकटलेला जवळा झटकला, गच्चीच्या कठड्यापाशी गेल्या आणि खाली गल्लीत, वर आभाळात, आजूबाजूच्या सगळ्या कारखान्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "अगो ऐका गो! माझी सून चालली!"

ओडिशाचे भाडेकरू बाहेर आले, जळगावच्या वहिनी आल्या. काय झालं ते कुणालाच धड कळलं नाही, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कावळ्यांनी जवळ्याचा चांगला समाचार घेतला. सुचिताने सासूला मिठी मारली. सगुणाबाईंनी दोनदा तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, "बस. आता पायल कुठं हाय? खाली एकटी सोडून आलीस ना? अशी सांबालशील तू परदेशात?"

एप्रिलमध्ये दोघी गेल्या. जायच्या आधीचे पंधरा दिवस सगुणाबाईंनी तांदळाचं पीठ, सुकट, मसाले बांधण्यात घालवले. सुकट न्यायची नाही, तिकडे विमानतळावर काढून घेतात, हे सुचिताने चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी सगुणाबाईंनी ती पिशवी वैजयंतीबाईंना दिली. "तुमी खा. माझ्या पोराच्या नावानं."

सुचिता गेल्यानंतर आठवडाभर त्यांचा आवाज बसल्यासारखा झाला होता. जिन्यातून हाक आली नाही, म्हणून भाडेकरू एकेक करून दारात डोकावून जात. मग एके दुपारी तिकडून कॉल आला. पायलला बागेत घेऊन दिपेश उभा होता, पायल त्याच्या खांद्यावर बसली होती आणि त्याचे कान धरून त्याला डावीकडे-उजवीकडे वळवत होती. सगुणाबाई मोबाइल अगदी डोळ्यांजवळ धरून ओरडल्या, "अरे, कान सोडव, तुटल!" त्यांचा आवाज परत आल्याचं पूर्ण इमारतीला कळलं.

मधला मजला तीन महिने बंद होता. जुलैमध्ये तो त्यांनी दिघ्याहून आलेल्या एका जोडप्याला दिला. नवरा पावण्यातल्याच एका कारखान्यात आहे, बायको महाप्याला पॅकिंगच्या कामाला जाते. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, त्यांचं सात महिन्यांचं बाळ सगुणाबाईंकडे असतं.